आठवं फडकं

पॉलिशकाकांच्या हातात फडकं असलं की त्यांना काही ऐकू येत नाही, आणि हातात फडकं नसलं की त्यांना चैन पडत नाही. त्यांना खरं नाव होतं. ते घराच्या दारावरच्या लाकडी पाटीवर कोरलेलंही होतं. पण ती पाटी त्यांनी स्वतःच इतक्या वेळा घासून चमकवली की आता तिच्यावर नाव सोडून सगळं दिसतं. गल्लीतल्या लोकांनी मग सोयीचं नाव काढलं आणि काकांनी ते आनंदानं घेतलं.

एकसष्ट वर्षांच्या या माणसानं चाळीस वर्षं लाकडाला पॉलिश करण्यापलीकडे काही केलं नाही, आणि तेवढंच इतकं मन लावून केलं की बाकीचं करायला वेळही उरला नाही. एकदा दाढ काढायला गेले, तर नंबर लागेपर्यंत दवाखान्यातल्या बाकाचे दोन्ही हात त्यांनी चमकवून ठेवले. खिशात फडकं आणि मेणाची चपटी डबी असायचीच. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा काका म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, एक कोपरा राहिलाय." सुजलेला गाल घेऊन असं म्हणणारा पेशंट डॉक्टरांनी त्याआधी बघितला नव्हता.

काकू, म्हणजे त्यांची बायको, याहून जुनी गोष्ट सांगतात. "हे मला पहिल्यांदा भेटायला आले ना, तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी यांनी टेबलाखाली हात घातला. मी म्हटलं, काय माणूस आहे! मागाहून कळलं, खालच्या बाजूला पॉलिश केलंय की नाही ते चाचपत होते." ही गोष्ट काकूंनी शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी काका तेवढ्याच गंभीरपणे म्हणतात, "नव्हतं केलेलं."

खालची बाजू, आतली बाजू, मागची बाजू, यांवर काकांचा फार जीव. कपाट करायला घेतलं की आधी खणांचा तळ पॉलिश करणार, मग भिंतीकडची पाठ, आणि दर्शनी दारं सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर म्हणायचे, "बाहेरून काय, कुणीही चमकवून देईल. तुम्ही खण उघडाल तेव्हा माझी आठवण यायला पाहिजे." गिऱ्हाइकाला काकांची आठवण यायची ती कपाट ठरल्या दिवशी घरी न आल्यामुळे, पण हे कुणी तोंडावर बोलत नसे.

काकांचं पॉलिशही त्यांचं स्वतःचं. मधमाश्यांचं मेण, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. हे मिश्रण घराला लागून असलेल्या खोलीत मंद आचेवर शिजायचं, त्यामुळे त्या घराला, घरातल्या कपड्यांना आणि माणसांना कायम त्याचा वास. घरातल्या तिघांना मात्र तो येत नाही. सत्तावीस वर्षांची लेक तर त्याच वासात जन्मली, तिच्या नाकाच्या लेखी तो वास म्हणजे नुसती हवा.

आता फडक्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. काका रोज सकाळी सात फडकी काढतात. जुन्या सुती कपड्यांचे हातभर चौकोन, धुऊन वाळवलेले. दिवसभर ती वापरायची आणि संध्याकाळी एकेक करून पाण्यानं भरलेल्या लोखंडी बादलीत टाकून वर झाकण ठेवायचं. टाकताना मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन. सात झाल्याशिवाय खोलीचा दिवा बंद होत नाही. कारण असं की जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात पडून राहिलं तर आपोआप आतून तापत जातं. काडी नको, ठिणगी नको. काका हे काम शिकत होते तेव्हा त्यांच्या उस्तादाचं अख्खं दुकान अशा एका विसरलेल्या फडक्यापायी जळालं. माणसं वाचली, पण उस्ताद त्यानंतर कधी मोठ्यानं हसले नाहीत. जळण्याआधी दुकानात जो वास सुटला होता, खरपूस, तेलकट, घशाला धरणारा, तो काकांच्या डोक्यात कायमचा बसला.

भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात काकूंना रोज ती मोजणी ऐकू यायची. "सात" ऐकलं की त्या ताटं घ्यायच्या. गेली तीस वर्षं त्या घरात जेवणाची वेळ घड्याळावर ठरलेली नाही.

अशा घरात गाडी आली. नवी कोरी, राखाडी रंगाची, लेकीची.

लेक फिजिओथेरपिस्ट. ज्या म्हाताऱ्या माणसांना एकट्यानं घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जाऊन ती त्यांचे गुडघे आणि खांदे हलते ठेवते. तीन वर्षं तिनं हे काम बसनं आणि पायी केलं, खांद्यावर व्यायामाच्या सामानाची पिशवी घेऊन. गाडी तिनं स्वतःच्या जोरावर घेतली होती, आणि ती नवीच घ्यायची हा तिचा हट्ट होता. त्या हट्टामागे कारण होतं. लहानपणापासून तिच्या वाट्याला आलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी आधी वापरलेली आणि मग बाबांनी चमकवलेली. पलंग तसा, अभ्यासाचं टेबल तसं. शाळेच्या पहिल्या दिवशी तर ती ज्या खुर्चीवर बसून वेणी घालून घेत होती तिचं पॉलिश ओलं निघालं. गणवेशावर मागं मोठा तपकिरी डाग घेऊन ती शाळेत गेली आणि पुढची दहा वर्षं 'वार्निश' या नावानं ओळखली गेली.

म्हणून गुरुवारी गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिनं किल्ली हातात धरून वडिलांसमोर एकच अट मांडली.

"बाबा, मला वचन द्या. या गाडीला फडकं लावायचं नाही. आतून नाही, बाहेरून नाही. मला एक तरी गोष्ट अशी हवी की जी नवीन आहे आणि नवीनच राहिली आहे."

"अगं, लोखंडाला मी काय करणार? मी लाकडातला माणूस."

"वचन."

"दिलं," काका म्हणाले आणि हात मागं बांधून गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आले. त्यांना मनापासून अभिमान वाटत होता. लेकीचा होताच, आणि थोडा स्वतःच्या संयमाचाही.

संयमाचं ते वचन अठरा तास टिकलं. त्यात लेकीचीही थोडी चूक होती असं काका अजून म्हणतात. तिनंच हौसेनं बोनेट उघडून दाखवलं. काचेवर फवारायचं पाणी कुठं भरायचं, तेल कुठं बघायचं, सगळं सांगितलं. आणि काकांना दिसली गाडीची आतली बाजू. बाहेरून आरशासारखी गाडी, आणि आत हे काय? सायलेन्सरच्या पाइपावर बसवलेला एक मळकट पत्रा. त्याच्यावर फॅक्टरीतल्या कुणाच्या तरी बोटांचे ठसे, स्पष्ट, चार. त्या रात्री काका झोपले खरे, पण ते चार ठसे डोळ्यांसमोरून हलेनात.

शुक्रवारी सकाळी सहाला लेक आंघोळीला गेली आणि काकांचे हात शिवशिवायला लागले. खिशातलं फडकं आदल्या संध्याकाळीच मोजून बादलीत गेलं होतं, आणि कामाच्या खोलीत जाऊन दुसरं आणलं असतं तर दार करकरलं असतं आणि काकू जाग्या झाल्या असत्या. मग त्यांनी दोरीवरचा स्वतःचा जुना निळा बनियन ओढला, टरकन एक चौकोन फाडला, खिशातली डबी काढली आणि बोनेट उघडलं. पाच मिनिटांचं तर काम. मेण चढलं, ठसे गेले, पत्रा सकाळच्या उजेडात असा काही खुलला की काकांना भरून आलं. सवयीप्रमाणे त्यांनी फडकं पत्र्याच्या मागच्या सांदीत खोचलं आणि तीन पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून काम न्याहाळलं. कपाट असलं की ते फडकं खणाच्या कोपऱ्यात खोचतात, तसंच. तेवढ्यात आत न्हाणीघराची कडी वाजली. काकांनी झटकन बोनेट लावलं आणि बागेतल्या कुंड्यांकडे बघत उभे राहिले.

त्या संध्याकाळी बादलीत फडकी मोजली, सात भरली. दिवा बंद झाला.

गाडीला वास मात्र शुक्रवारी दुपारीच यायला लागला होता. लेक घरी आली ती नाक आक्रसूनच. "आई, गाडीतून कसला तरी जळका वास येतोय. इंजिनाकडून." काका तेव्हा जेवत होते. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. लेकीनं सर्व्हिस सेंटरला फोन लावला, तिकडून उत्तर आलं की नव्या गाडीत इंजिनावरचा आणि पाइपावरचा कारखान्यातला लेप पहिल्या काही दिवसांत जळून जातो, थोडा वास येतोच, काळजीचं कारण नाही. काकांचा जीव भांड्यात पडला. एवढंच नव्हे, त्या एका वाक्यावर ते रातोरात मोटारींचे जाणकार झाले. शनिवारी त्यांनी शेजाऱ्याला थांबवून सांगितलं, "लेप असतो हो, लेप. तो जळून जातो. घाबरायचं नाही." शेजाऱ्यानं काही विचारलेलंही नव्हतं.

पण वास काही जाईना. लेक पेशंटना अधूनमधून थोडं फिरवून आणायची, आणि त्या सगळ्यांनी आपापलं निदान केलं. गुडघ्याच्या आजींना तो विझवलेल्या मेणबत्तीचा वाटला. खांद्याच्या आजोबांनी रबर जळतंय असं ठासून सांगितलं, पण त्यांना गेली सहा वर्षं कुठलाच वास येत नव्हता. कंबरेच्या बाई तर गाडीत बसल्या, हुंगलं आणि म्हणाल्या, "तुझ्याच अंगाला असा वास येतो गं नेहमी." लेकीला राग आला. तिनं घरी येऊन दोनदा केस धुतले.

सोमवारी ती घरी आली ती रडवेली होऊन. "बाबा, मी ही गाडी परत देणार. मला दुसरी नको, काही नको. बस बरी. तीन वर्षं वाट बघितली आणि मिळाली ती अशी."

"अगं, नवी गाडी आहे, लेप असतो..." काका पुटपुटले. आपण केलं काय, हे त्यांना पुरतं कळत होतं. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. जिभेवर आलेलं दहादा गिळलं. मेण काय, दोन दिवसांत जळून जाईल, वास जाईल, लेकीला गाडीही राहील आणि वचनही न मोडल्यासारखं होईल, असा त्यांचा हिशेब. असला हिशेब भल्या माणसाला जमत नाही, आणि काका तर अगदीच भले होते. मंगळवारी त्यांनी एका टेबलाच्या तीनच पायांना पॉलिश करून ते गिऱ्हाइकाकडे पाठवलं.

मंगळवारीच कपड्यांच्या घड्या घालताना काकू म्हणाल्या, "अहो, तुमचा निळा बनियन उंदरानं कुरतडला वाटतं. अगदी चौकोनी कुरतडलाय."

काका म्हणाले, "असेल."

"हुशार उंदीर दिसतो," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

बुधवारी सर्व्हिस सेंटरची वेळ ठरली. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला. मी चिडले तर मला आवरायला कुणीतरी हवं." काका गेले. वाटेत त्यांनी खिडकी पूर्ण खाली ठेवली होती.

सर्व्हिस सेंटर मोठं, पांढऱ्या दिव्यांचं, फरशीवर पिवळ्या रेघा आखलेलं. गाडी आत घेतली ती एका तपासनीस बाईंनी. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. डिलिव्हरीआधी प्रत्येक नवी गाडी तपासून कागदावर सही करणं हे त्यांचं काम, आणि लेकीच्या गाडीच्या कागदावरही त्यांचीच सही होती. बोनेट उघडून त्यांनी टॉर्च मारला आणि पहिल्या नजरेतच म्हणाल्या, "या पत्र्याला कुणीतरी काहीतरी चोपडलंय. हे जळून काळपट, चिकट झालंय. वास याचाच."

लेक म्हणाली, "कुणी चोपडलं?"

तेवढ्यात सुपरवायझर आले, गळ्यात टाय आणि चेहऱ्यावर घाई असलेला माणूस. पत्रा बघितला, कागद बघितला, आणि लेकीच्या देखतच तपासनीस बाईंवर घसरले. "सही तुमची आहे. हे दिसलं नाही तुम्हाला?"

"तेव्हा हे नव्हतं, सर."

"मग काय रस्त्यात लागलं? बोनेटच्या आत?"

"नव्हतं म्हणजे नव्हतं. मी हात फिरवून बघते प्रत्येक पत्र्यावर. ग्लोव्ह घालत नाही. या पत्र्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते, पुसायचं राहिलं म्हणून मला नंतर चुटपुट लागली होती. तेवढीच माझी चूक."

चार ठसे. भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या काकांनी आपल्या बोटांकडे बघितलं. ज्या बोटांनी पत्रा नीट आहे ना हे चाचपून बघितलं, त्याच बोटांचे ठसे आपण मळ समजून पुसले. ही बाईही आतली बाजू बघणारी. आपल्याच जातकुळीची. आणि आपल्यामुळं हिनं बोलणी खायची?

"लेखी खुलासा द्यावा लागेल," सुपरवायझर म्हणाले. "आणि यापुढं नव्या गाड्यांवर सही करू नका."

बाईंनी एका द्रवानं पत्रा घासून स्वच्छ केला, हात पुसले आणि लेकीला म्हणाल्या, "झालं. चुकीबद्दल माफ करा. आता वास येणार नाही." चूक नसताना मागितलेली ती माफी ऐकून काकांना बाकावर बसवेना. ते उठले आणि गाडीपाशी गेले. बोलायचं ठरवून गेले. लेक किल्ली घेत होती. बाईंनी बोनेटला हात घातला.

आणि काकांना वास आला.

मेणाचा नव्हे, मेण तर पुसलं गेलं होतं. त्याच्याखालून, सांदीतून, अगदी बारीक. खरपूस, तेलकट, घशाला धरणारा. चाळीस वर्षांत आला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. काकांचा हात आपोआप पँटच्या खिशात गेला. डबी होती. दुसऱ्या खिशात गेला. रोजचं फडकं होतं. पण निळं? शुक्रवारची संध्याकाळ त्यांना आठवली. सात मोजली होती, सात भरली होती. पण त्या दिवशी फडकी सात नव्हतीच.

"थांबा!" काका असे ओरडले की पलीकडच्या गाडीखालून दोन माणसं बाहेर आली. "बोनेट लावू नका. आत फडकं आहे. पत्र्याच्या मागं. माझं आहे."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. लेक तर डोळे मोठे करून.

"मी चोपडलं," काका म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर थांबणं शक्य नव्हतं. "शुक्रवारी सकाळी. मेण आणि जवसाचं तेल. या बाईंची काही चूक नाही, पत्रा चांगला होता, मीच... मला आत मळकट दिसलं. फडकं तिथं खोचून विसरलो. मोजलेलं नव्हतं, म्हणून विसरलो. ते आधी काढा, मग मला काय बोलायचं ते बोला. ते पेटतं. आपोआप पेटतं. माझी पोरगी रोज या गाडीत बसते!"

बोलता बोलताच त्यांनी सांदीकडे बोट दाखवलं.

तपासनीस बाईंनी लांब चिमटा घेतला, टॉर्च दातांत धरला आणि पत्र्याच्या मागं वाकल्या. दोनदा चिमटा रिकामा आला. तिसऱ्यांदा त्याच्या टोकाला एक चुरगळलेला बोळा आला, निळा कमी आणि तपकिरी जास्त. कडा काळ्या पडलेल्या. बाहेरच्या हवेत येताच त्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली.

"पाणी," काका म्हणाले. बाईंनी बोळा तिथल्याच बादलीत टाकला. चर्र आवाज झाला.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. सुपरवायझरकडे वळून म्हणाल्या, "सर, खुलासा यांचा घ्यायचा की माझा?" सुपरवायझरांनी टाय सैल केला. काकांनी तिथल्या तिथं कागद मागून घेतला आणि आपल्या हातानं सगळं लिहून दिलं, अगदी बनियनचा रंगही. खाली सही केली. बाईंनी तो कागद वाचला आणि त्यांना हसू आवरेना. "काका, चाळीस वर्षं लाकूड सांभाळलंत, आणि पत्रा तेवढा सोडवला नाही तुमच्याच्यानं?" मग जरा थांबून त्यांनी गंभीर होऊन विचारलं, "पण खरं सांगा. चमकला होता का चांगला?"

"फार चांगला चमकला होता," काका म्हणाले. "तुमचे ठसे पुसले, त्याबद्दल माफ करा."

"त्या बाकाचे हात बघितलेत?" बाईंनी काका बसले होते तो बाक दाखवला. "दोन वर्षं मी ओरडतेय. रविवारी येऊन करून द्या, म्हणजे फिटलं. पण फडकी मोजून आणा आणि मोजून न्या."

घरी येताना लेक समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. काका मांडीवर हात ठेवून बसले होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटत होतं. तिसऱ्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते पुढं बघतच म्हणाले, "मी वचन मोडलं. आणि वर पाच दिवस खोटं बोललो. तुझी गाडी जुनी केली मी."

लेकीचे डोळे भरले होते. "गाडीचं नाही हो, बाबा. तुम्ही सांगितलं असतं तर मी दोन दिवस अबोला धरला असता आणि विसरले असते. तुम्ही सांगितलं नाही, आणि मी ते फडकं घेऊन पाच दिवस फिरले. मागच्या सीटवर गुडघ्याच्या आजी होत्या. त्यांना पळता येत नाही."

सिग्नल सुटला.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ती एकदम म्हणाली, "बाबा, मला एवढंच सांगा. तो पत्रा कुणाला दिसणार होता?"

"तुला," काका म्हणाले. "पाणी भरायला बोनेट उघडशील तेव्हा."

लेकीनं मान दुसरीकडे वळवली. तिला हसू येत होतं आणि तिला आत्ता हसायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी काका कामाच्या खोलीत फडकी मोजायला बसले. एक, दोन, तीन. सात झाली. भिंतीपलीकडे ताटांचा आवाज आला नाही. काकांनी पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "सात!" तरी आवाज नाही. दारात लेक येऊन उभी राहिली होती. "बाहेर चला," ती म्हणाली. तिनं गाडीचं बोनेट उघडलं आणि काकांना समोर उभं केलं. "हात मागं. आता मोजा."

काका वाकले. पत्र्याची सांद बघितली, बॅटरीची बाजू बघितली, खालपर्यंत नजर फिरवली. हुंगून बघितलं. कसलाही वास नव्हता. नवी गाडी होती ती, खरोखरची नवी.

"शून्य," काका म्हणाले.

"आईला ऐकू जाईल असं."

"शून्य!" काका ओरडले, आणि आत ताट वाजलं. पाठोपाठ काकूंचा आवाज आला, "उंदीर सापडला का हो?"

तेव्हापासून त्या घरात जेवणाला दोन आकडे लागतात. सात आणि शून्य. आधी लेकीनं ही शिक्षा म्हणून सुरू केली होती, आठ दिवसांची. आठ दिवस संपले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती आली की गाडी दारात लावते, बोनेटचा खटका ओढते, काका हात मागं बांधून वाकतात, शून्य म्हणतात, आणि तिघं जेवायला बसतात.

मागच्या आठवड्यात एका पेशंटकडे लेकीला उशीर झाला. सात वाजून गेले, साडेसात झाले. फडकी बादलीत पडली होती, झाकण लागलं होतं. काकू दारात आल्या. काका फाटकाशी उभे होते, हातात फडकं नाही, काही नाही, नुसते रस्त्याकडे बघत.

"अहो, या आत. ती येईल, आणि आली की करा तुमची मोजणी. गार होतंय सगळं. सात झाली ना?"

"सात झाली," काका म्हणाले. "एक आकडा घरी यायचाय अजून."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, आत जाऊन गॅस बंद केला आणि त्याही फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.